सीटमागचा गरम डबा

"सरक जरा, मला दिसत नाहीये!" असं म्हणत चष्मिषनं खारूला कोपरानं ढकललं आणि तो थेट आईच्या शेजारी जाऊन बसला. खारूच्या जागेवर!

चष्मिष म्हणजे खारूचा मावसभाऊ. सुट्टीला आल्यापासून त्यानं आईच्या वर्कशॉपमध्ये बस्तानच मांडलं होतं. आईनं पाना मागायच्या आत पाना हजर! वर आई म्हणायची, "पोराचा हात बघा कसा स्थिर आहे!" खारूच्या हाताबद्दल असं कधी कुणी बोललं होतं? तिचा नुसता जळफळाट होत होता.

आज वर्कशॉपमध्ये शेजारच्या काकांचा नवा ट्रॅक्टर उभा होता. मागे त्यांचं पेरणीयंत्र, पण ते दुसऱ्या कंपनीचं. बी किती पडतंय ते केबिनमधल्या स्क्रीनवर दिसावं म्हणून आईनं दोन्हींना जोडणारी तार बसवली होती. किल्ली फिरवली की स्क्रीनवर पेरणीयंत्राचं चित्र यायचं आणि पापणी लवायच्या आत गायब!

"मी आधीच सांगितलं होतं," ट्रॅक्टर विकणारे शोरूमवाले साहेब खिशात हात घालून म्हणाले. "दोन कंपन्यांचं आपसात पटत नाही. आमचंच पेरणीयंत्र घ्या, कटकट मिटली!"

काका चुळबुळले. "ताई, आज नाही जमलं तर मला तेच करावं लागेल. जमिनीतली ओल माझ्यासाठी थांबायची नाही."

"जरा दम धरा," आई म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला होता. आईची जोडणी चालत नाही असा बोभाटा झाला, तर वर्कशॉपकडे फिरकणार कोण?

"मावशी, मी तारा तपासू?"

"तपास, बाळा."

बाळा! झालं. खारू तरातरा केबिनमध्ये चढली आणि सीटमागच्या फटीत जाऊन बसली. ट्रॅक्टर कुणाचाही असो, रुसायची तिची जागा हीच.

किल्ली फिरवून बंद केलेली होती, सगळं थंड होतं. तरी गुडघ्याला काहीतरी गरम लागलं. तिनं चटई उचलली. खाली एक काळा डबा! त्याची तार ट्रॅक्टरच्या तारांमध्ये शिरली होती. हे आईचं काम नव्हतं. आईनं बसवलेली प्रत्येक तार खारू ओळखायची.

धावत जाऊन आईला सांगावं? पण हे आहे काय, असं आईनं विचारलं तर? खारूला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. कळेल असा एकच जण होता. खारूनं ओठ चावला.

"ए चष्मिष! वर ये. आणि शहाणपणा दाखवायचा नाही!"

डबा बघताच तो ओरडलाच, "अगं, हा मी प्रदर्शनात पाहिलाय! शोरूमवाले गिऱ्हाइकांना दाखवायला लावतात. हाही पेरणीयंत्र चालवतो. ही चकती बघ, नंबर एक. आणि स्क्रीनचा नंबर?"

खारूनं किल्ली फिरवून स्क्रीनचा कोपरा पाहिला. "एकच!"

"म्हणजे दोघंही ओरडतायत, 'मीच मालक!' पेरणीयंत्रानं ऐकायचं कुणाचं?"

"काढून टाकू?"

"आत्ता नको! साहेबांसमोर."

खारूच्या कानात काहीतरी कुजबुजून चष्मिष खाली उतरला. "साहेब, आमचं पेरणीयंत्र तुम्हाला घाबरतं. तुम्ही मागे सरकलात की चालतं!"

"काहीतरीच!" साहेब हसत मागे सरकले. चष्मिषनं मडगार्डवर टिचकी मारली, खारूनं तार उपटली आणि स्क्रीनवर चित्र ठाम उभं राहिलं!

"आता पुढे या." टिचकी! तार आत, चित्र गायब.

"हा काय चावटपणा आहे?" साहेब गरजले. तेवढ्यात सीटमागून खारू डब्यासकट वर आली.

"अरे! हा इथे होता होय?" साहेबांच्या तोंडून निघून गेलं. "मी सगळं गोदाम पालथं घातलं!"

आईनं चकती दोनवर फिरवली आणि तार पुन्हा जोडली. स्क्रीन चालू, डबा चालू, पेरणीयंत्राचं चित्रही जागच्या जागी. "पटतंय की हो साहेब यांचं!"

काकांनी चष्मिषची पाठ थोपटली. "वा रे पठ्ठ्या!" खारू पुन्हा सीटमागे वळली.

"डबा हिला सापडला," चष्मिष म्हणाला. "मी सगळ्या तारा बघितल्या, पण मला नाही सापडला."

"शाब्बास गं माझी वाघीण!" आई म्हणाली. "पण तिथे कशाला शिरली होतीस?"

"रुसायला."

आई इतकी हसली की तिला ट्रॅक्टरला टेकावं लागलं.

सगळे बाहेर गेल्यावर चष्मिष हळूच म्हणाला, "मलाही बसू दे ना एकदा तिथे."

"मुळीच नाही!" खारूनं केबिनचं दार धाडकन लावलं. "तू आपली जागा दुसरीकडे शोध!"