आबांचा अबोला

"एकच कप्पा उघडा, सर. फक्त एक," शाल्मली घोरपडे म्हणाली आणि मिरजेतल्या त्या थंडगार प्रयोगशाळेत तिला पुन्हा रडू फुटलं.

डॉ. हबीब मुजावरांनी तिच्या कानामागची बारीक पट्टी तपासली आणि दिवा बंद केला. "अगं, सगळं तुला शिकवलेलंच आहे. पुन्हा माझ्याकडून कशाला वदवून घेतेस?"

शाल्मली मानसिक आरोग्य समुपदेशक होती. खोलीत सांगितलेलं बाहेर फुटू नये, म्हणून मुजावरांनी स्मृतिकुलूप शोधून काढलं होतं. समुपदेशक उंबऱ्याबाहेर पडला की भेटीची आठवण मेंदूतल्या एका कप्प्यात बंद. कोण आलं, काय बोललं, काही म्हणजे काही आठवायचं नाही.

"किल्ली म्हणजे सल्ला घ्यायला येणाऱ्याचा आवाज," मुजावर म्हणाले. "तोही जिवंत. फोनवरचा चालतो, ध्वनिमुद्रण चालत नाही. पुढच्या भेटीला तो नुसतं नमस्कार म्हणाला तरी कप्पा उघडतो. पण बाहेर रस्त्यात बोलला, तर रस्त्यातही उघडतो. मग पट्टी आम्हाला कळवते आणि तुझा परवाना रद्द."

म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी बजावलेलं असे, की बाहेर गाठ पडली तर तोंडातून शब्द काढायचा नाही. मिरजेत तो रिवाजच पडला. भाजीबाजारात शाल्मलीला पाहून कितीतरी माणसं ओठ मिटून पुढे जायची. बाईंनी यांचं काय घोडं मारलंय, असं नवख्याला वाटावं! तिच्याजवळ जिवाचं बोलणारी माणसं बाहेर मुकी, आणि बोलणारी सगळी परकी. संध्याकाळी ती रिकाम्या डोक्याने घरी यायची आणि टीव्ही लावून एकटीच जेवायची.

"गुरुवारची माझी एक वेळ रिकामी झाली," ती म्हणाली. "पडद्यावर आलं, व्यक्ती मयत. नाव नाही, नुसता क्रमांक. तेव्हापासून डोळ्यांचं पाणी थांबत नाही. मी कुणासाठी रडतेय, एवढं तरी कळू दे मला!"

"कुलूप घटना बंद करतं. माया मेंदूत दुसरीकडे राहते, तिथे माझा हात पोचत नाही." मुजावरांनी खुर्ची जवळ ओढली. "तुझे वडीलही नुकतेच गेले ना? ते दुःख असेल."

"छे! आबांचं कसलं दुःख?" तिचा आवाज चढला. "आई आजारी असताना त्यांनी तिला मोठ्या दवाखान्यात हलवू दिलं नाही. मी तोंडावर म्हणाले, तुम्ही मारलंत तिला. नंतर माझा राग निवळला. दर दिवाळीला फोन करायचे मी. ते उचलायचे, आणि गप्प. मी एकटीच बडबडायचे. शेवटी मीच फोन ठेवून द्यायचे. मेले तरी राग सोडला नाही म्हाताऱ्याने."

मुजावरांनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. "माणूस गेला की किल्ली गेली, पोरी. तो कप्पा आता मलाही उघडता येणार नाही. गुपित राखायचं तर असंच राखावं लागतं."

रविवारी ती तासगावला गेली. आबांबरोबर त्यांची बहीण, शेवंताआत्या, राहायची. तिने चहा पुढे केला तो फणकाऱ्यानेच.

"दहाव्याला अशी कोपऱ्यात हुबी ऱ्हायलीस, जनू कोन परकीच! आन् दर गुरुवारी तासतासभर गप्पा हानत हुतासा न्हवं?"

"कुठला गुरुवार, आत्या?"

"आता गं बया! दादा इस्त्रीची कापडं घालून यष्टीनं तुझ्याकडंच यायचा की. मी म्हनायची, मग फोनवर का मुका बसतूस? तर म्हनायचा, तोंड उघडलं तर पोरीची नोकरी जाईल. तिनंच अट घातलीया."

शाल्मलीने कपबशी खाली ठेवली. क्रमांकाने नोंद करणाऱ्याला नाव कुणी विचारत नव्हतं. आबा दारातून आत आले असतील, तेव्हा तिने त्यांना तत्क्षणी ओळखलं असणार. नात्यातल्या माणसाला परत पाठवायचं, असा नियम होता. तिने पाठवलं नव्हतं. अट मात्र इतरांना घालते तीच त्यांनाही घातली, आणि उंबऱ्याबाहेर येऊन विसरली. अख्ख्या मिरजेचा अबोला जिला समजत होता, तिने घरच्या एकाच माणसाचा अबोला राग म्हणून धरला होता.

"आत्या, मी काय म्हणायचे त्यांना?" तिने आत्याचा हात घट्ट धरला. "सांग ना गं! त्यांनी माफ केलं मला? मी केलं का त्यांना?"

आत्याने पदराने तिचे डोळे पुसले.

"ते कुठलं सांगतोय! लई खोदून इचारलं मी. हसायचा नुसता. म्हनायचा, ते आमच्या दोघातलं हाय."

त्या दोघांतला एक गेला होता, आणि दुसरीला काहीच आठवत नव्हतं.