विटांवर उघडलेली खिडकी

सरका शेकोटीजवळ. वरच्या मजल्यावरची ही खोली उन्हाळ्यातही गारच असते.

त्या दिवशी इथले पडदे झटकायला काढायचे होते, एवढंच निमित्त. पूर्वी खिडक्यांवर कर बसला, तेव्हा आमच्या पणजोबांनी या दोनांतली एक विटांनी बुजवली. पण घराचं रूप बिघडू नये म्हणून बाहेरून आणि आतून चौकटी-काचा तशाच ठेवल्या आणि मधल्या विटांना काळा रंग फासला. हौसच तशी! पडदे ओढले की खरी कोणती नि खोटी कोणती, घरच्यांनाही कळत नसे.

मी खोटीचा पडदा सारला आणि थबकले. काचेवर वाफ धरली होती, लहान मुलाच्या तोंडाइतक्या उंचीवर. पुसायला गेले, पुसली जाईना. ती पलीकडच्या अंगाला होती... विटांच्या बाजूला.

"मिसेस ट्रॅस्क," मी आमच्या म्हाताऱ्या दाईला विचारलं, "ही कुणी उघडली होती का हो?"

तिने हातातला पडदा खाली ठेवला. "टॅबी गेली त्या संध्याकाळी, बाईसाहेब. माणूस गेलं की जीव बाहेर जायला खिडकी उघडतात ना... तिच्या आईनेच उघडली. डोळ्यांत पाणी, खोलीत अंधार. तावदान वर सरकवलं, 'जा गं राणी' म्हणाली आणि लगेच लावून घेतलं. पोरीला थंडी बाधेल म्हणून."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"लेकरू गेलेल्या आईला काय सांगू? की बाई, तुम्ही भिंत उघडलीत?"

टॅबी माझ्या भावाची मुलगी. भाऊ आधीच गेलेला. वहिनी, सेसिली, याच खोलीत झोपायची, त्याच पडद्याला खुर्ची लावून बसायची.

"गवंडी बोलावते," मी तिला म्हटलं. "विटा काढू."

"काढल्या की ती जाईल ना?"

"हो."

"मग नको."

"अगं, पोरगी आहे ती, सेसिली. बाहुली आहे का काचेच्या कपाटात ठेवायला?"

तिने काचेवर तळहात टेकला. मग हळूच म्हणाली, "मी बोलते तिच्याशी, ऑनर. ती उत्तर नाही देत... श्वास घेते. मी गेले की फोड भिंत. दोघी बरोबर जाऊ. एकटीला एवढ्या थंडीत नको गं पाठवू."

पानगळीत सेसिली गेली. मी शब्द पाळला. गवंड्याने दुपारीच विटा नि आतली चौकट काढली. दोन्ही खिडक्या मी सताड उघडल्या, मोठ्याने दोघींची नावं घेतली आणि पोटभर रडले. काच कोरडी होती. वाटलं, सुटल्या बिचाऱ्या.

पहिलं बर्फ पडलं त्या सकाळी मी पडदा सारला. वाफ धरली होती. एक वर, एक तिच्याखाली, लहानशी. पुसायला गेले, पुसली जाईना. बाहेर तर सरळ भिंत आहे, पाय टेकायला कंगोरासुद्धा नाही.

तावदान वर करते, तर नुसता वारा आत येतो. खाली ओढलं की दोन्ही तिथंच. त्यांना बाहेर काढलं मीच, आणि आत कसं घ्यायचं ते मला कळत नाही.

म्हणून ही शेकोटी मी विझू देत नाही. तुमच्या मागचा पडदा जरा सारा... आहेत ना?

काचेपलीकडे ऊब पोचत असेल का हो?