लाल दिव्याखालचा घास

आमची पहिली भेट एका झरोक्यातून झाली, आणि तीही अर्धीमुर्धीच. दिसला तो नुसता हात… लांबसडक बोटं, बोटांत चिमटा, चिमट्यात वाफाळता मांसाचा तुकडा.

प्रयोगशाळेत चव घेणाऱ्यांना एकेका कप्प्यात बसवतात. वर लाल दिवा असतो, म्हणजे मांस फिकं की गडद ते कळत नाही. तिथं बोलायची मनाई होती. मी अर्थातच बोलले.

“मीठ विसरलात.”

“मीठ घालतच नाही,” पलीकडून आवाज आला. “आणि इथं कुणी बोलतही नाही.”

“मग तुम्ही आत्ता काय करताय?”

हात थबकला. बहुतेक हसत असावा.

खरं तर मला हसायची सवड नव्हती. आमची डुकरं सावकाश वाढणारी. ती विकून बाबांना झटपट वाढणारी आणायची होती. मी त्या कळपाला बाटलीनं दूध पाजलेलं. “हळू वाढतं तेच चवीला लागतं,” मी छातीठोकपणे म्हणाले. बाबा म्हणाले, “दाखव सिद्ध करून. नाहीतर कळप विकला.” दोन्ही प्रकारच्या डुकरांचं मांस चाचणीला गेलं आणि चव घ्यायला माणूस कमी पडला म्हणून मीही बसले. कुठला तुकडा कुणाचा, हे फक्त चिमटेवाल्यांना ठाऊक.

दर आठवड्याला चाचणी झाली की व्हरांड्यात त्यांच्याबरोबर चहा व्हायचा. माझा कप रिकामा झाला तरी त्यांचं वाक्य काही पुरं होत नसे.

“पुढच्या आठवड्यात… म्हणजे, जमलं तर… याल ना?”

“तुमचं विचारून होईपर्यंत आठवडा उलटेल,” मी म्हणायची. ते कानापर्यंत लाल व्हायचे. मला ते फार आवडायचं.

निकालाच्या दिवशी ते स्वतः आमच्या फाटकापर्यंत आले. हातात चिमटा नव्हता, त्यामुळे हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना.

“झटपट वाढलेल्यांचं मांस मऊ ठरलं. त्यांचं वजन कमी वयात भरतं, म्हणून ते कोवळं राहतं. तुमचं रसाळ आहे, पण… पसंती त्यांनाच.”

“कुणाच्या जिभा होत्या या?”

“एक तुमची. तुम्ही दर वेळी त्यांचाच तुकडा निवडलात.”

माझे डोळे भरून आले. कळप आता जाणारच होता.

“थोडं खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं?”

“मग तुम्ही माझ्यावर विश्वास कसा ठेवला असता?” ते हळूच म्हणाले. “आणि मला तो… जन्मभर लागणार आहे. म्हणजे, घाई नाही. हळूहळू आपण—”

“हळूहळूचं कौतुक मी करत होते. ते तुम्हीच आज मोडीत काढलंत,” मी नाक पुसत म्हणाले. “काय विचारायचं ते आत्ता विचारा.”

त्यांनी विचारलं, एका दमात, मध्ये कुठंही न अडखळता. मी रडत रडतच हो म्हटलं.