जिकडे नजर, तिकडे चाक

आमची ओळख झाली तीच मुळी मी त्याच्या अंगावर सायकल घातल्यामुळे.

मैदानामागचा मातीचा उतार, दवानं निसरडा झालेला. मी पहिल्यांदाच जाड टायरच्या, गिअरवाल्या सायकलवर. खाली एक चष्मेवाला मुलगा कोपराला पॅड बांधत उभा. एवढं मोठं मैदान मोकळं, पण मी गेले ती थेट त्याच्यावरच.

"सायकलला ब्रेक असतो," तो चिखलात बसूनच म्हणाला. डोळे मात्र हसत होते.

"माहितीये. दोन असतात."

"मग एखादा वापरून बघायचास."

सुट्टीत डोंगरात सायकल चालवायला निघालेली आमची टोळी, सगळी नवशिकी. टोळीला नेणाऱ्या माझ्या दादानं बजावलं होतं, "रविवारी हा उतार जो न पडता उतरेल त्यालाच नेणार. तुलाही सूट नाही. नाहीतर सुट्टीभर आत्याकडे." आणि आता कळलं की चष्मेवालाही येणार आहे. मग तर जायलाच हवं होतं. का ते विचारू नका... माझं मलाच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यालाच धडकले. तिसऱ्या दिवशी तो बिचारा झाडामागे जाऊन उभा राहिला. मी झाडावर आपटले.

"बुलडोझर, तुझं माझ्याशी वैर आहे का?"

"तूच मध्ये येतोस."

"मी झाडामागे होतो गं."

शिकवणाऱ्या ताईंनी कपाळाला हात लावला. "किती वेळा सांगू? उतारावर जिकडे नजर, तिकडे चाक. दगडाकडे बघितलंस की दगडावरच जाणार. तू बघतेस तरी कुठे?"

दादा खोकला. माझे कान असे तापले की हेल्मेट वितळतंय की काय असं वाटलं. चष्मेवाला उगाचच हेल्मेटचा पट्टा सैल करत, घट्ट करत राहिला.

जेवताना घास हातातच राहिला. जिकडे नजर तिकडे चाक ना? मग तो? तो तर एकदाही माझ्या अंगावर आला नव्हता. रोज आखल्यासारखा सरळ खाली जायचा. म्हणजे तो माझ्याकडे बघतच नाही...

"भाजी खारट झालीये का?" आईनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. आयुष्यच खारट झालं होतं.

रविवारी मी रागारागानं खाली रोवलेल्या दोन झेंड्यांच्या मधल्या जागेवर नजर रोखली आणि सुसाट तिथूनच गेले. दादानं शिट्टी वाजवली. माझं जाणं पक्कं झालं. पण आनंद कुठे दडी मारून बसला होता कुणास ठाऊक.

चष्मेवाला पाण्याची बाटली घेऊन आला. तोही मघाशीच नीट उतरला होता. "आज चक्क चुकवलंस मला."

"तू बरा कधी चुकत नाहीस."

"कारण उतारावर मी तुझ्याकडे बघतच नाही."

"कळलंय मला ते."

"काही कळलेलं नाही." तो पुसलेलाच चष्मा पुन्हा पुसायला लागला. "बघितलं तर पडणार. पडलो की मी इथेच, तू डोंगरात. म्हणून... वर रांगेत असतो ना, तेव्हाच बघून घेतो. पोटभर."

"चला, अजून एक फेरी," दादा ओरडला.

मी बाटली परत दिली, सायकल वळवली आणि सगळ्यांच्या आधी चढ चढायला लागले. पण वर पोचल्यावर चार जणांना पुढे जाऊ दिलं... आणि मग नेमकी त्याच्या पुढे जाऊन उभी राहिले. रांग काही केल्या हलत नव्हती. म्हटलं, असू दे.