गोलातली शेवटची खुर्ची

पूल उचलला गेला, वाळूने भरलेली होडी रमतगमत खालून निघाली, आणि दोन्ही काठांवर सायकली थांबल्या.

"होडीवाला मुद्दाम करतोय," फेन्ना वैतागून म्हणाली.

"करू दे की," तिच्या शेजारी सायकल थांबवलेला एक उंच मुलगा म्हणाला. तिच्याकडे बघतच.

पूल खाली येईपर्यंत तिला कळलं, की त्याचं नाव योरित, तो चर्चमधले ऑर्गन दुरुस्त करतो, आणि रविवारी तीनला तो तिच्यासोबत फिरायला येणार आहे. रविवारी आईचा वाढदिवस आहे, हे तिला घरी पोचल्यावर आठवलं.

नेदरलँड्समधल्या झ्वोले गावातल्या त्या घरात वाढदिवस म्हणजे खुर्च्यांचा गोल, बारा नातलग आणि मांडीमांडीवर केकची बशी. येणाऱ्याने एकूणएक माणसाचं अभिनंदन करायचं. आईचं वाढदिवसाबद्दल, बाबांचं बायकोच्या वाढदिवसाबद्दल, आत्याचं वहिनीच्या. पुरुषांशी हात मिळवायचा, बायकांच्या गालांवर तीन-तीन पापे. मागचा एक मुलगा या गोलात बसून गेला, तो गेलाच. म्हणून फेन्नाने ठरवलं होतं, पावणेतीनलाच दारात उभं राहायचं आणि सटकायचं.

योरित अडीचला आला. दार बाबांनी उघडलं.

"फेन्नाचा मित्र ना? ये. केक खाल्ल्याशिवाय इथून कुणी जात नाही."

"बाबा, आम्हाला उशीर होतोय."

"फिरायलाच जाताय ना? रस्ता काय पळून जातोय?"

योरितचे कान लाल झाले, पण पठ्ठ्या निघाला गोल फिरत. आईला तीन, आत्याला तीन, मावशीला तीन… चुलत बहिणींनी तर गाल आधीच पुढे केले. शेवटच्या खुर्चीत फेन्ना. तिने चष्मा काढला, मग उगीचच परत घातला.

योरित थांबला. आणि — त्याने हात पुढे केला.

"अभिनंदन. आईच्या वाढदिवसाबद्दल."

चमचे थांबले.

"अरे, असाच हात आमच्या ह्यांच्याशी मिळवलास," आत्या म्हणाली. "हिने काय घोडं मारलंय तुझं?"

"ताई, केक खा," बाबा म्हणाले.

फेन्ना चमच्याने केक नुसता चिवडत राहिली. आत्याचा नवरा आणि ती एकाच पंगतीत! संपलं की मग.

बाहेर पडल्यावर ती कालव्याच्या काठाने भराभर चालू लागली.

"यायचं नसेल तर सांग. सभ्यपणा पुरे."

"का गं?"

"आत्याला तीन. मला हात."

योरित थबकला. खिशातून हात काढले, परत घातले.

"सात जणी झाल्या होत्या. मावशीच्या गालावर तर क्रीम होतं. मग तू आलीस, आणि वाटलं… तुझा नंबर आठवा नको. आणि बशा घेऊन सगळे बघत असताना तर नकोच."

फेन्नाचा वेग आपोआप कमी झाला.

"मग कधी?"

"घर दिसेनासं झालं की."

तिने मागे वळून पाहिलं. खिडकीत आत्या होती, तिच्या खांद्यावरून बाबा, बाबांच्या काखेखालून आई.

"वळण अजून शंभर पावलं लांब आहे," योरित म्हणाला.

"आत्या कोट घालतेय," फेन्ना म्हणाली, आणि त्याचा हात धरून पळत सुटली.