वाऱ्याच्या एकवीस दुपारी

जांबुघोड्याच्या जंगलात वारा मोजणारी चार यंत्रे लावलेली होती. ती उतरवून परत आणायची, एवढ्याच कामासाठी २००४ च्या एप्रिलमध्ये शिवांगी बडोद्याहून निघाली. सोबत प्रयोगशाळेतली यंत्रे सांभाळणारे सुभानराव होते आणि वाट दाखवायला वनरक्षक रूपसिंगभाई राठवा. पहिल्या एकवीस दिवसांच्या नोंदी इंटरनेटवरून आधीच बडोद्यातल्या हरणी भागात, तिची सहकारी नीरा हिच्या संगणकात पोचल्या होत्या.

तीन यंत्रे जीपमध्ये ठेवून झाली. चौथे सुभानराव खांद्यावर घेतात न घेतात, तोच समोरून मोहफुले वेचणाऱ्या अकरा बायका टोपल्या सावरत धावत आल्या.

"आग!"

पूर्वेच्या टेकडीवरून ज्वाळांची एक लांब ओळ सागाच्या सुक्या पानांतून खाली सरकत होती. जीपची वाट तिने केव्हाच अडवली होती.

"खाली नाल्यात चला! तिथे पाणी आहे," रूपसिंगभाई म्हणाले आणि त्यांनी वायरलेसवर वनखात्याच्या कचेरीला कळवले. शिवांगीने सांगितलेल्या नंबरावर तिथल्या कारकुनाने बडोद्याला फोन लावला आणि रिसीव्हर वायरलेसजवळ धरला. नीराचा आवाज खरखरत आला.

"शिवांगी, नाल्यात उतरू नका! उपग्रहाची दुपारची चित्रं आत्ताच उतरवलीत. पश्चिमेच्या डोंगरामागे दुसरी आग आहे, तुम्हाला दिसत नसेल. एकवीसपैकी अठरा दुपारी, चारच्या सुमारास, तिथला वारा पश्चिमेकडून सुटलाय. तो नाल्यातच घुसतो!"

"मग जायचं कुठे?"

"पूर्वेच्या टेकडीवर. सकाळच्या चित्रात माथा पेटलेला होता, आता विझलाय. तिथे जळायला काही उरलेलं नाही."

"आणि उरलेल्या तीन दुपारी?"

"वारा पडलेला होता. आज काय होईल, सांगता येत नाही."

पावणेचार झाले होते. रूपसिंगभाईंचा चेहरा कठोर झाला. "बेन, आग लागली की माणूस पाण्याकडे जातो. आगीकडे नाही!"

"उतारावरून खाली येणारी आग बुटकी असते, भाई. गुडघाभर आहे, ओलांडता येईल. पुढे मी जाते."

ती बाटलीतल्या पाण्याने ओढणी भिजवून निघाली. बायका एकमेकींचे हात धरून मागोमाग. धूर! डोळ्यांत निखारे भरल्यासारखे झाले. एक म्हातारी मटकन खाली बसली. सुभानरावांनी यंत्र तिथेच टाकले आणि तिला पाठीवर घेतले.

"काका, त्यातल्या नोंदी!"

"जाऊ देत! तू पळ!"

ज्वाळा समोर आल्या. शिवांगीने श्वास रोखला. उडी! पायाला चटका. पुढे काळी, ऊन राख. एकामागून एक सगळ्या आल्या. शेवटी रूपसिंगभाई.

चार वाजून दहा मिनिटांनी वारा सुटला. पश्चिमेचा! डोंगरामागची आग एका झेपेत डोंगरमाथ्यावर आली आणि गर्जत नाल्यात उतरली. बांबू फटाफट फुटत होते.

"किती जण आहात?" नीरा पुन्हा पुन्हा विचारत होती.

शिवांगीने एकेकीला हात लावून मोजले. "चौदा. सगळे आहोत."

रूपसिंगभाईंनी वायरलेस हातात घेतला. पलीकडच्या डोंगराखाली त्यांचे गाव होते.

"बेन, रात्रीचा वारा कुठून असतो? आग अडवायला आम्हाला जाळपट्टा कुठे काढायचा ते ठरवायचंय."