शांतता रेकॉर्ड करताना

"हलू नका!" मी दाराकडे बघत ओरडले.

तो हलला नाही. एक पाय स्कूटरच्या किकवर, दुसरा जमिनीवर... तसाच थांबला.

म्हैसूरजवळच्या हुणसूरला, तंबाखूच्या गोदामात पानं निवडणाऱ्या बायकांवर मी माझा पहिला माहितीपट करत होते. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते. ती थोडी रेकॉर्ड केली नाही, तर संकलनात जोडलेले संवाद तुटक वाटतात. बायका गप्प होत्या, आणि दारात नेमका हा. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं — असं मी स्वतःला सांगितलं.

"श्वास घेऊ का आता?" त्यानं विचारलं.

रक्षित. म्हैसूरच्या नजरबाद भागातला, लग्नात स्पीकर लावणारा; त्या दिवशी शेजारच्याच एका लग्नासाठी आलेला. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते, म्हणून घरात मराठी. पण निम्मी कन्नड. पुढच्या शूटिंगला तो स्वतःचा चांगला माइक घेऊन आला. नंतर येतच राहिला.

"ऋचा मॅडम, तुम्ही ते... फेमिनिस्ट काय ओ?" एकदा बसस्टँडवर कॉफी पिताना तो म्हणाला.

"का? भीती वाटते?"

"अय्यो, सुम्ने विचारलं, उगाच! अम्माला तुमचा फोटो दाखवलाय... पुढचं पण सांगायला पाहिजे की."

मी कॉफीत बघून हसले.

चित्रपट म्हैसूरला दाखवायचा होता. सुरू होण्याआधी आयोजक जयतीर्थ सर हळूच म्हणाले, "ओळख करून देताना 'स्त्रीवादी' नको. लोक आधीच उठून जातात. 'संवेदनशील' म्हणू या?"

मी होकारार्थी मान हलवली. लोकांनी चित्रपट बघावा, एवढंच मला हवं होतं.

चित्रपट संपला, टाळ्या झाल्या. मागून एकानं विचारलं, "तुम्ही स्वतःला स्त्रीवादी दिग्दर्शक म्हणवता का?"

जयतीर्थ सरांनी डोळ्यांनी 'नको' म्हटलं. पण पहिल्या रांगेत गोदामात पानं निवडणारी कृष्णवेणी बसली होती. मजुरीबद्दल बोलल्यावर ठेकेदार चिडेल हे माहीत असूनही ती कॅमेऱ्यासमोर म्हणाली होती, माझा चेहरा झाकू नका. मग मी काय झाकत होते?

"मी केमिस्ट्री शिकले," मी म्हणाले. "प्रयोगशाळेत लेबल नसलेल्या बाटलीवर आम्ही विश्वास ठेवत नाही. आत जे आहे, ते बाहेर लिहायचं. हो. मी स्त्रीवादी आहे, आणि माझा चित्रपटही."

सभागृह गप्प. कुणीच उठलं नाही. मागे साउंडच्या टेबलाशी रक्षित एक बोट ओठांवर ठेवून उभा होता... मग कृष्णवेणीनं टाळी वाजवली, आणि सगळं सभागृह वाजू लागलं.

गर्दीतून वाट काढत तो आला. "रेकॉर्ड केली."

"काय?"

"तुमच्या 'हो'नंतरची शांतता. अशी कुठंच नाही मिळाली ओ." तो अडखळला. "आता अम्माला सांगतो, फेमिनिस्टच आहे. लई खूश होईल. पण त्याआधी... मी एक विचारू? त्याला पण 'हो' म्हणाल?"

"हलू नकोस," मी म्हणाले, आणि सगळ्यांसमोर त्याचा हात धरला.

तो हलला नाही. बराच वेळ.

"ऋचा... श्वास घेऊ का आता?"